काय दिसत नाही ते सांगा

बाटल्यांच्या कारखान्यात तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे चाळणीबाई. पाठीमागचं नाव तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर तेच तिला जास्त आवडायचं. ते ठेवलं होतं वाळू विभागाच्या फोरमनने. काचेसाठी येणारी वाळू त्याच्याकडे चाळली जायची. पहिल्यांदा त्याच्या स्क्रीनवर फक्त त्याच्याच विभागाचे आकडे आले तेव्हा तो म्हणाला, "आम्ही वाळू चाळतो, ही बाई माणसं चाळते." झालं. संध्याकाळपर्यंत नाव गेटपर्यंत पोहोचलं.

काम सांगायला सोपं होतं. भट्टीचं तापमान, निघालेल्या बाटल्या, तडकलेल्या बाटल्या, कोण रजेवर, कोण कुठल्या पाळीला, असं सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये जमा व्हायचं. स्क्रीन सगळ्यांची सारखीच, पण ज्याला त्याला आपापल्या वाट्याचंच दिसायचं. प्रत्येकाच्या लॉगिनसमोर त्याचा विभाग लिहिलेला असे. स्क्रीन उघडली की सॉफ्टवेअर आधी ते वाचे आणि तेवढ्याच ओळी पुढे सोडे. हे फिल्टर लावायचे तिने. "कुणाला काय दाखवायचं ते वरचे ठरवतात," ती म्हणायची, "पण जे दाखवायचं नाही ते खरंच दिसत नाही ना, ते मी बघते."

आणि बघायचीही डोळ्यांत तेल घालून. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती, दुसऱ्याच्या नावाने बघायची. नवं लॉगिन कुणाला द्यायचं असलं की ती आधी तो माणूस होऊन सगळी स्क्रीन फिरून यायची. तेवढ्यावर भागत नसे. मग खाली त्या माणसाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहायची आणि विचारायची, "काय दिसतंय?" त्याने सांगितलं की दुसरा प्रश्न ठरलेला, "आता काय दिसत नाही ते सांगा." आता जे दिसतच नाही ते माणूस सांगणार कसं? लोक गोंधळायचे. स्टोअरवाला तेवढा गोंधळला नव्हता. तो म्हणाला होता, "बायको दिसत नाही. तेवढंच सुख."

तिच्या हातून कधी चूक झाली नाही असं नाही. एक झाली होती, आणि ती कारखाना अजून चवीने सांगतो. कँटीनवाल्याला रोजच्या जेवणाऱ्यांचा आकडा हवा होता म्हणून तिने त्याला लॉगिन दिलं. कँटीन कुठल्याच विभागात मोडत नाही, म्हणून विभागाची जागा कोरी ठेवली. सॉफ्टवेअरचा हिशोब वेगळा होता. कोरं म्हणजे बंधन नाही, बंधन नाही म्हणजे सगळं मोकळं. पुढे काही दिवस कँटीनवाला वाढता वाढता एकेकाला सांगत होता, "घ्या अजून थोडं, तुमच्या भट्टीवर आज फार तुटफूट झाली." नाहीतर, "साहेब, विक्रीचा आकडा उतरलाय, गोड कमी घ्या." लोकांना वाटलं, याला कसली सिद्धी प्राप्त झाली की काय! शेवटी मोठ्या साहेबांनाच त्याने, तुमची इतकी रजा शिल्लक आहे, कधी टाकताय, असं विचारलं, तेव्हा सिद्धीचा पत्ता लागला.

त्या दिवशी चाळणीबाईची जी शोभा झाली ती तिने फुकट जाऊ दिली नाही. नियमच उलटा करून टाकला: कोरं म्हणजे काहीच नाही. आणि एक खोटं लॉगिन कायमचं बनवून ठेवलं, विभाग नसलेलं. त्याचं नाव रिकामा पाहुणा. रोज सकाळी कामाला बसली की पहिली या पाहुण्याच्या नावाने बघायची. पाहुण्याला काही दिसलं नाही की मग चहा.

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या फारशी लक्षात येत नसे. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे चाळणी होती, चाळणी लावणारीच्या डोळ्यांपुढे नव्हती. तिला कारखान्यातलं सगळं दिसायचं.

याचा त्रास जर कुणाला होत असेल तर तो तिच्या नवऱ्याला. तो दोन नंबरच्या भट्टीवर सुपरवायझर. भट्टीच्या आवाजावरून आत काय बिनसलंय ते ओळखणारा माणूस, खाली दहाजण त्याच्या शब्दावर चालायचे, पण घरी आईच्या लेखी तो अजून बाळ्याच. संध्याकाळी बूट काढता काढता तो सुरुवात करायचा, "आज काय झालं माहितीये—"

"माहितीये," ती भाजी चिरता चिरता म्हणायची. "दुपारी तापमान पडलं आणि चारशे बाटल्या भंगारात गेल्या."

बिचाऱ्याचा उरलेला बूट पायातच राहायचा.

"अगं, त्याला सांगू तरी दे," सासूबाई म्हणायच्या.

"सांगू दे की! मी काय तोंड धरलंय त्यांचं?"

तोंड धरलं नव्हतं, पण सांगायला शिल्लक काय उरत होतं? एकदा त्याच्या भट्टीने वर्षातलं सगळ्यात चांगलं उत्पादन काढलं. गडी धापा टाकत घरी आला, तर टेबलावर केक तयार. त्याने केक खाल्ला, पण म्हणाला, "तुला बातमी देणं म्हणजे पोस्टमनला पत्र वाचून दाखवणं आहे." ती हसली होती. त्यातलं थोडंसं खरं दुखणं तिला तेव्हा ऐकू आलं नाही.

मग बाटल्यांची मागणी घटली. चारपैकी एक भट्टी बंद करायची आणि काही माणसं कमी करायची असं वर ठरलं. कुठली भट्टी, कुठली माणसं, हे ठरायचं होतं. मोठे साहेब, एचआरवाल्या मॅडम आणि बाहेरचे दोन संचालक असे चौघे मिळून ते ठरवणार होते, आणि त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये एक नवा तक्ता हवा होता. प्रत्येक माणसापुढे त्याची भट्टी, त्याची वर्षं आणि शेवटच्या रकान्यात ठेवायचं की कमी करायचं.

"आम्हा चौघांनाच दिसलं पाहिजे," साहेब म्हणाले.

"आणि मी?"

"तुम्हाला तर दिसणारच. काही बिघडलं तर दुरुस्त कोण करणार?"

"साहेब, माझा नवरा दोन नंबरच्या भट्टीवर आहे."

"मला माहीत आहे. माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे."

"माझाही माझ्यावर आहे," चाळणीबाई म्हणाली, "पण संध्याकाळी त्यांच्यासमोर जेवायला मला बसायचंय. मला दिसणार नाही असं फिल्टर मी लावते. मुख्य किल्ली मॅडमकडे राहील, तुम्हा चौघांच्या नावाने बघायची सोयही त्यांच्याचकडे."

साहेब बरं म्हणाले.

तिने तो तक्ता खोट्या माणसांवर बांधला. माणसांना नावं दिली वस्तूंची. छत्री, किटली, खुर्ची, मोजे. छत्रीला एक नंबरच्या भट्टीवर लावलं, किटलीला बेधडक कमी करून टाकलं. मग एकेकाच्या नावाने बघून घेतलं. चौघांना किटली दिसत होती, बाकी कुणाला दिसत नव्हती, रिकाम्या पाहुण्याला तर नाहीच नाही. शेवटी तिने स्वतःचं नाव घातलं. स्क्रीनवर आलं: 'तुम्हाला हे पाहण्याची परवानगी नाही.' आजवर हे वाक्य तिने कितीकांना दाखवलं होतं, तिच्याकडे बघून ते पहिल्यांदाच आलं. तिला हसू आलं.

आता वस्तू काढून खरी माणसं भरायचं काम मॅडमचं. त्या वयाने लहान, स्वभावाने हळव्या. चाळणीबाई शेजारी बसलेली असताना फाइल उघडण्याआधी थांबल्या आणि बाटली उचलत म्हणाल्या, "ताई, साहेबांचा पहिला कच्चा विचार यात आहे. मी पाणी भरून येते. पाच मिनिटं लागतील मला."

एवढं सरळ आमिष तिला आयुष्यात कुणी दाखवलं नव्हतं. माउस हलवायचा, दोनदा टिचकी मारायची, आणि नवऱ्याचं नाव शोधायचं. पाहावंसं वाटलं नाही असं मुळीच नाही. जीव तुटत होता पाहायला. पण पाहिलं की मग? नाव असलं तर रोज त्याच्या पुढ्यात चहा ठेवायचा आणि तोंड मिटून बसायचं. नाव नसलं तर ज्याचं असेल त्या शेजारच्या भट्टीवाल्याच्या बायकोला जिन्यात तोंड दाखवायचं.

"चला," ती उठून म्हणाली, "मलाही तहान लागलीये."

घरी त्याने विचारलंच. ताट पुढे ओढता ओढता, जणू सहज. "तक्ता तूच केलास म्हणे. माझं नाव आहे का?"

"मला दिसत नाही तो."

"तुला दिसत नाही?"

"मीच कुलूप लावलंय. स्वतःलासुद्धा."

तो हसला, पण त्या हसण्यात हसू नव्हतं. "कुठल्या साच्यातली बाटली तडकली ते तुला घरबसल्या कळतं. आणि हे तेवढं दिसत नाही."

इतक्या वर्षांच्या 'माहितीये'नेच तिचा घात केला होता.

तिथून पुढचे दिवस म्हणजे शिक्षा होती. घरात आणि कारखान्यात माणसं भविष्य बघतात तसं तिच्याकडे बघायला लागली. तिने नवे पडदे आणले. बातमी फुटली, चाळणीबाईने पडदे घेतले, म्हणजे दोन नंबर शाबूत! दोन नंबरवाले खुशीत, तीन नंबरवाले सुतकी चेहऱ्याने फिरू लागले. मग दुकानदाराने मापं चुकवली म्हणून तिने पडदे परत केले. खुशी आणि सुतक यांची अदलाबदल झाली. कँटीनवाला तिच्या ताटाकडे बघून अंदाज सांगायचा. कमी जेवली की म्हणायचा, "जात नाहीये घशाखाली. चांगली बातमी नाही." एकदा तिने चिडून दोनदा भात घेतला, तर म्हणाला, "दुःखात भूक वाढते काहींची."

सासूबाईंनी दुपारी एकटं गाठलं. "सूनबाई, मला तरी सांग. मी कुणाला सांगणार? मी वर जायच्या वाटेवरची बाई."

"आई, त्या वाटेवर तुम्ही दहा वर्षं आहात, आणि मधल्या प्रत्येक घरी चहा घेताय."

सासूबाई फणकारल्या, पण त्यांचा मुलगा फणकारला असता तर बरं झालं असतं. तो कामावरचं काही सांगेनासा झाला. चहात साखर जरा जास्त पडली की कपाकडे बघायचा, मग तिच्याकडे. एकदा तिने त्याच्या शर्टाला बटण लावून ठेवलं, तर शर्ट हातात घेऊन म्हणाला, "एवढी सेवा कशाला? असेल ते सांगून टाक ना."

तेव्हा तिला रडू कोसळलं नाही, राग आला. नोकरी राहील की जाईल याची भीती होतीच, पण तिचं काळीज खरं जळत होतं ते दुसऱ्याच गोष्टीने. हा माणूस समजत होता की ती रोज त्याच्या शेजारी बसून, त्याच्याच आयुष्याची बातमी पोटात दाबून, वर त्याला विचारते आहे, अजून पोळी वाढू का? असं समजत होता तिचा नवरा.

अशात एका सकाळी मॅडमचा फोन आला. आवाज चिरकलेला. "ताई, वर या. साहेबांना तक्ता दिसेनासा झालाय. स्क्रीन कोरी. दुपारी संचालक येणार आहेत."

ती जिना चढून मॅडमच्या दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यावरच थांबली. टेबलावर तक्ता उघडा होता.

"मॅडम, स्क्रीन तुमच्याकडे पूर्ण वळवा. मी मागून सांगते."

"मागून? अहो, इथे या ना, तुम्हाला दोन मिनिटांचं काम."

"वळवा."

आणि कारखान्याने कधी पाहिलं नव्हतं ते दृश्य मॅडमच्या खोलीत घडलं. चाळणीबाई स्क्रीनच्या पाठीमागे उभी, समोर फक्त वायरी आणि धूळ, आणि तिथून ती गाडी हाकते आहे. "वर उजवीकडे दातेरी चाक आहे, ते दाबा. आता वापरणाऱ्यांची यादी. साहेबांच्या नावासमोर विभागाच्या जागी काय आहे?"

"काही नाही. कोरं आहे."

"कुणी पुसलं?"

मॅडमचा चेहरा पडला. "मी. काल नावं नीट करताना. म्हटलं, साहेब कुठल्या एका विभागाचे थोडेच आहेत."

चाळणीबाईने कपाळावर हात मारून घेतला. कँटीनवाल्याच्या पायी केलेला नियम साहेबांच्या मानेवर बसला होता. "कोरं म्हणजे काहीच नाही, मॅडम. तिथे 'सर्व' लिहा. सेव्ह करा. आता साहेबांच्या नावाने बघा."

"आलं! सगळं आलं."

"रिकाम्या पाहुण्याच्या नावाने?"

"काही नाही."

"माझ्या नावाने?"

"परवानगी नाही म्हणतंय."

"बरोबर म्हणतंय."

मॅडम खात्री करायला तक्ता खाली सरकवू लागल्या. त्यांची नजर ओळीओळीने उतरताना चाळणीबाईला दिसत होती. मध्येच ती नजर कुठेतरी थांबली, आणि वर उचलली जाणार, तिच्याकडे येणार, एवढ्यात ती झटकन खिडकीकडे वळली. खाली बाटल्यांच्या पेट्या ट्रकमध्ये चढत होत्या. त्या पेट्यांकडे तिने असं पाहिलं की जणू त्या तिच्या माहेरी चालल्या होत्या. माणसाच्या तोंडावर फिल्टर लावता येत नाही, म्हणून तिने आपलंच तोंड फिरवलं.

ही गोष्ट जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळीकडे झाली. वाळूवाल्या फोरमनने तर स्क्रीनच्या मागे उभं राहून बोलण्याची नक्कल करून दाखवली. नवऱ्याच्या कानावर गेलीच. घरी येऊन तो एवढंच म्हणाला, "नाटक छान होतं म्हणे."

तिने त्याचं ताट वाढून झाकून ठेवलं आणि आत निघून गेली.

निर्णयाच्या दिवशी मॅडम एकेकाला खोलीत बोलावू लागल्या. चाळणीबाईचं टेबल वरच्या मजल्यावर, दुसऱ्या टोकाला. समोर स्क्रीन होती, त्यात काय चाललं होतं ते तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. कुणाची तरी जड पावलं जिन्यावर वाजली. भट्टीवरचे बूट. एवढ्या वर्षांत तिचा नवरा कधी हा जिना चढला नव्हता. म्हणायचा, मी कशाला येऊ, तुला वरून दिसतोच आहे मी.

तो टेबलासमोर येऊन उभा राहिला. "दोन नंबर बंद होतेय. महिनाअखेरीला."

तिचा हात कीबोर्डवरच राहिला.

"पोरांना दुसऱ्या भट्ट्यांवर घेतायत. माझं नाव आहे कमी करण्यात."

"तुमचं?" ती उठून उभी राहिली. "तुमचं कसं? तुम्ही तर... भट्टी कोण ओळखणार मग? काय डोळे फुटलेत का यांचे?" ओठ थरथरू लागले, डोळे भरून आले, आणि तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

तो बघत होता. इतके दिवस ज्या चेहऱ्यात तो काहीतरी शोधत होता तो चेहरा आत्ता त्याच्यासमोर उघडा पडला होता, आणि त्यात लपवलेलं काही नव्हतं. होता तो फक्त धक्का, अगदी ताजा.

"तुला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"मी काय सांगत होते मग!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की मजला उठून बघायला लागला. "जीव तोडून सांगत होते, नाही दिसत मला, नाही दिसत! नाटक म्हणालात तुम्ही!"

आणि ज्याची नोकरी आत्ताच गेली होती तो माणूस हसायला लागला. पहिल्यांदा हळू, मग खो खो. "खरंच माहीत नव्हतं!" तो मजल्यावरच्या सगळ्यांना सांगू लागला. "हिला माझ्याकडून कळलं! मी सांगितलं!" रडता रडता तिलाही हसू फुटलं, आणि कुणीतरी कँटीनमधून दोन चहा मागवले. संध्याकाळी सासूबाईंनी हे ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नोकरी गेली आणि दात काय काढतोस बाळ्या?" पण त्यांनाही तो खूप दिवसांनी जेवताना बोलताना दिसत होता. पोटापाण्याचं कसं करायचं ते तो सांगत होता. साच्यांच्या एका वर्कशॉपला भट्टीचा कान असलेला माणूस हवा होता, तिथे जाऊन बघणार होता. चाळणीबाई ऐकत होती, आणि तो बघणार म्हणतोय म्हणजे होणारच याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

महिनाअखेरीला त्याचं लॉगिन तिनेच बंद करायचं होतं. दुसऱ्या कुणाला सांगता आलं असतं, पण त्यानेच बजावलं होतं, "तूच कर." आधी तिने नेहमीसारखं त्याच्या नावाने बघून घेतलं. दोन नंबरच्या भट्टीच्या ओळी होत्या, शेवटच्या पाळीचा आकडा होता, तुटफूट जवळपास नाही. मग तिने त्याच्या नावासमोरचा विभाग पुसला, लॉगिन बंद केलं आणि पर्स उचलली.

तो गेटपाशी थांबला होता, हातात भट्टीवरचे बूट एका पिशवीत.

"झालं?"

"झालं."

"आता मला काय दिसतं?"

"काहीच नाही."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि दोघं चालू लागली. रस्ताभर तो सांगत होता. शेवटच्या पाळीला पोरांनी भट्टी कशी चालवली, तापमान कुठे अडलं, पहाटे आवाज कसा बदलला, शेवटची बाटली कुणी काढली. यातलं निम्मं तिने दुपारीच स्क्रीनवर पाहिलं होतं. ती प्रत्येक वेळी म्हणाली, "हो? मग?"